मराठवाडा महाराष्ट्रातच राहावा, पण कोणत्या करारावर?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

वडिलांच्या लोखंडी पेटीत आमच्या एकाच शेताचे तीन कागद आहेत. पहिला उर्दूत, निजामाच्या काळातला. तो वाचून घ्यायला मी जिंतूरला एका मौलवीसाहेबांकडं गेलो होतो. दुसरं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, हैदराबाद राज्याचं. तिसरा सातबारा, त्यावर महाराष्ट्र शासन. बांध जागचा हलला नाही आणि राज्यं तीन झाली. मधली द्विभाषिक मुंबईची साडेतीन वर्षं धरली तर चार.

पेटी उघडायचं कारण असं. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गावात झेंडावंदनानंतर एका तरुणानं भाषणात स्वतंत्र मराठवाड्याची मागणी केली. टाळ्या पडल्या. त्याच्यानंतर एका स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा बोलायला उठला, तो सत्तरीचा असेल. त्याचा गळा दाटून आला. ‘माझा बाप तुरुंगात गेला तो वेगळं व्हायला नाही, मराठी मुलखात यायला,’ एवढं बोलून तो खाली बसला. दोघंही खोटं बोलत नव्हते. मी घरी आलो आणि रात्रभर तेच डोक्यात.

हैदराबाद राज्यात सोळा जिल्हे होते. आठ तेलंगणाचे, पाच आपले (औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद), तीन कानडी. १ नोव्हेंबर १९५६ ला तिघांच्या वाटा फुटल्या. तेलंगणा आंध्रात गेला तो त्याच साली नेत्यांनी केलेल्या लेखी समझोत्यावर. समझोता पाळला नाही म्हणून १९६९ ला पेटला, आणि २ जून २०१४ ला वेगळा झाला. गुलबर्गा, रायचूर, बिदर म्हैसूर राज्यात गेले आणि त्यांनी तब्बल ५६ वर्षांनी, २०१२ ला, घटनेत ३७१ जे हे स्वतःचं कलम करून घेतलं. आपल्याला मिळाला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. अकरा कलमं. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, पण मराठवाडा मागास म्हणून त्याच्या सर्वांगीण विकासाकडं खास लक्ष, आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं. १९५६ ला घटनेत ३७१(२) आलं, म्हणजे राज्यपालांची विशेष जबाबदारी आणि स्वतंत्र विकास मंडळं. ती मंडळं प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. अडतीस वर्षं! आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.

माझं मत आजघडीला असं आहे : राहायचं महाराष्ट्रातच, पण ‘मोठ्या भावाच्या’ शब्दावर नाही. कागदावर, आणि कोर्टात दाखवता येईल अशा कागदावर. तुम्ही सगळे काय म्हणता? भांडा, पण माहिती घेऊन भांडा.

बालाघाट

सर, मी त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एक. तुमच्या गावचा नाही, बीडचा आहे.

कागद, कागद किती दिवस? प्रादेशिक असमतोल बघायला विजय केळकरांची समिती झाली, तिचा अहवाल २०१४ ला सभागृहात आला. त्याआधी १९८४ ला वि. म. दांडेकरांच्या समितीनं अनुशेष (विकासात मागं राहिलेल्या भागाची तूट) मोजला, राज्याचा ३,१८६ कोटी आणि त्यात मराठवाड्याचा ७५० कोटी. मोजणी उत्तम. तेव्हा ७५० कोटी म्हणजे भरून काढता येण्यासारखा खड्डा होता. न भरता मोजत राहिलं की खड्डा मोठा होतो, हे शेतात राहणाऱ्याला सांगायला नको.

मंत्रिमंडळ संभाजीनगरला येतं, २०१६ ला आलं, २०२३ ला आलं. हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. मुख्यमंत्री तर आपलेच चार झाले : शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव. माणसं मोठी होती, पण ती २८८ च्या सभागृहात ४६ आमदारांच्या भागातून आली होती. हिशेब तिथंच संपतो.

बीडला रेल्वे आली कधी? अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला नव्वदीच्या दशकात. बीडच्या स्टेशनात प्रवासी गाडी उभी राहिली १७ सप्टेंबर २०२५ ला. त्या दिवशी मी आईला घेऊन गेलो होतो. आईनं डब्याला हात लावला, हात कपाळाला लावला. तिचं वय अडुसष्ट. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून तिला स्वतःच्या गावात रेल्वे बघायला इतकी वर्षं लागली.

१ कोटी ८७ लाख लोक (२०११ चे), ६४ हजार चौ. किमी. हिमाचल, उत्तराखंड आपल्याहून कमी लोकांत राज्य चालवतात. २०१६ ला महाधिवक्ता श्रीहरी अणे जालन्यात वेगळ्या मराठवाड्याबद्दल बोलले आणि दोन दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. नुसता विषय काढला तर ही गत.

तेरणा

बालाघाटराव, तुमच्या आईचं वाचून डोळे भरले. रेल्वेचं दुःख धाराशिवकराला सांगायला नको. पण भावनेवरून राज्याच्या सीमेवर उडी मारू नका.

दोन गोष्टी मांडतो. तेलंगणा वेगळा झाला तेव्हा त्याच्या पदरात हैदराबाद शहर होतं. ते शहर सोळा जिल्ह्यांच्या महसुलावर उभं राहिलं, त्यात आपले पाचही होते. ५६ साली आपण ते सोडून आलो. आता वेगळे झालो तर मुंबई-पुणेही सोडून येऊ. म्हणजे दोनदा घर बांधायला हातभार लावायचा आणि दोन्ही वेळा ओसरीवरून उठायचं. मुंबईच्या करावर आपला हक्क आहे, तो सोडायचा कशाला?

दुसरी गोष्ट पाणी. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या डोक्यावर गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही सगळी धरणं नाशिक-नगरात. आज एक राज्य आहे म्हणून २००५ चा जलसंपत्ती नियमन कायदा लागू होतो, समन्यायी वाटप मागता येतं, संभाजीनगरच्या खंडपीठात जाता येतं. उद्या मधे राज्याची सीमा आली की लवाद. कावेरीचा लवाद १९९० ला नेमला, निवाडा २००७ ला आला, सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल २०१८ ला. अठ्ठावीस वर्षं पैठणच्या खालचा ऊस, मोसंबी, आणि संभाजीनगर-जालन्याचं पिण्याचं पाणी थांबणार आहे का?

धागाकर्त्यांच्या म्हणण्याला एक पुरवणी. आपल्याकडं ‘मराठवाडा बिनशर्त आला’ असं अभिमानानं म्हणतात, तुम्ही म्हणाला नाहीत हे बरं केलंत. मनानं बिनशर्त आलो, ते खरं. स्वामी रामानंद तीर्थांना भाषेप्रमाणे हैदराबादची विभागणीच हवी होती. पण करार होता आणि त्यावर सह्या होत्या. बिनशर्त म्हणत राहिलो की सह्या केलेल्यांची जबाबदारी आपणच माफ करतो.

सीमेवरचा

राम राम मंडळी. मी धर्माबाद तालुक्यातला. शेती हाय. मला घटना कळत नाही, पण सीमा कळती, कारण ती आमच्या धुऱ्यापासून जवळच हाय.

२०१८ ला आमच्याकडच्या चाळीसेक गावच्या सरपंचांनी आम्हाला तेलंगणात घाला म्हणून मागणी केली होती. लोक म्हणले हे काय खूळ. खूळ नव्हतं. पलीकडं रयतु बंधू चालू झालं, एकरी चार हजार, ते बी दर हंगामाला. शेतीला चोवीस तास फुकट लाईट. अलीकडं आमची पाळी रात्री बाराची. अंधारात मोटर चालू करायला जायचं, पायाखाली काय हाय दिसत नाही. पलीकडच्या पाहुण्याची मोटर दिवसा चालायली. पाहुणा मराठीच बोलतो, आडनाव बी आपलंच.

मग मी पाहुण्याला खोदून विचारलं. तो म्हणला, पैसा जमीन ज्याच्या नावावर त्याला. बटईनं कसणाराला काही नाही. त्याची स्वतःची दोन एकर, कसतो आठ. मला वाटलं होतं तेवढं तिकडं बी सोनं नाही.

आता बाभळीचं सांगतो. बंधारा आमच्याच तालुक्यात, गोदावरीवर, २.७४ टीएमसीचा (टीएमसी म्हंजे अब्ज घनफूट). खालच्या, तेलंगणातल्या पोचमपाड धरणामुळं भांडण झालं, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१३ ला आला. दरवर्षी १ जुलैला चौदा दारं उघडायची, २८ ऑक्टोबरपर्यंत उघडीच. म्हणजे पावसाळाभर नदी भरून वाहती आणि आम्ही काठावर उभं राहून बघायचं. २९ ला दारं टाकतात, तवर पूर निघून गेलेला. वरून १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. १ जुलैला मी दोनदा गेलो बघायला. दोन्ही राज्याचे साहेब येतात, केंद्रीय जल आयोगाचे येतात, कागदावर सह्या होतात. पहिलं दार उचललं की आधी फेस येतो, मग गढूळ पाण्याचा आवाज. बाया शेतातून उठून बघतात. कुणी बोलत नाही.

तेरणा

बघा, हेच म्हणत होतो. वर-खाली दोन राज्यं झाली की काय होतं ते सीमेवरच्या भावांनी डोळ्यासमोर उभं केलं. स्वतंत्र मराठवाड्यात पैठणची बाभळी होईल.

बालाघाट

तेरणाकाका, मला त्यात नेमकं उलटं दिसलं. नीट वाचा. १ जुलै म्हणजे १ जुलै. कुणाला मोर्चा काढावा लागत नाही, खालच्या शेतकऱ्याला उपोषण करावं लागत नाही. दिवस ठरलेला, अधिकारी हजर, दारं उघडतात. आपल्याला तो निकाल जाचतो हे खरं. पण परक्या राज्याला दिलेली तारीख महाराष्ट्र पाळतो.

आणि घरच्याला दिलेली? जायकवाडीचा नियम आहे : १५ ऑक्टोबरला साठा बघायचा, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. २०२३ ला दुष्काळ होता. ८.६ टीएमसी सोडा असा आदेश निघाला ऑक्टोबर संपता संपता. पाणी सुटलं नोव्हेंबरच्या शेवटी, तेही आंदोलनं झाल्यावर, कोर्टकचेऱ्या झाल्यावर. तोवर कोरड्या पात्रात किती मुरणार याचा हिशेब कुणी केला?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

बालाघाट, हा मुद्दा मला सुचला नव्हता. मी कागद म्हणत होतो, तुम्ही तारीख म्हणताय. नागपूर करार पुन्हा काढून वाचला. त्यात मराठवाड्यापुरतं ‘दरवर्षी अहवाल’ हे एकच ठिकाण आहे जिथं वेळेचं बंधन आहे. बाकी सगळीकडं ‘लक्ष दिलं जाईल’. त्याच करारात ठरलेलं दरवर्षीचं नागपूरचं अधिवेशन मात्र भरतं, कारण ते किती भरलं हे उघड दिसतं. ‘खास लक्ष’ दिलं की नाही हे कुणाला दिसणार?

प्रवरातीर

नगर जिल्ह्यातला आहे, धाग्यावर पाहुणा. हाकलू नका.

जायकवाडीचा नियम आमच्याकडं कसा पोचतो ते सांगतो. भंडारदरा १९२६ चं. माझ्या पणजोबांनी त्या कालव्यावर पाणी घेतलं. पाण्याची पाळी आमच्या घरात जमिनीसारखी वारसानं आली. मग एक दिवस सांगतात की शंभर-दीडशे किलोमीटर खाली पाणी द्यायचंय, आणि ते जाताना निम्मं नदीतच जिरणार. राग माणसांचा येत नाही, जिरणाऱ्या पाण्याचा येतो.

पण बालाघाटांचं म्हणणं मला पटलं. आम्हालाही तारीखच हवी आहे. सोडायचं असेल तर ऑक्टोबरात सोडा, नदी ओली असताना. कमी जिरेल, तुम्हाला जास्त मिळेल, आम्हाला रब्बीचं नियोजन करता येईल. उशीर झाला की दोघांचंही पाणी वाळू पिते. आणि कोकणात समुद्राला जाणारं पाणी गोदावरीत वळवायच्या योजनेसाठी आपण दोघांनी एकत्र भांडायला पाहिजे. ती राज्य एक असेल तरच होईल.

भालकीकर

मी बिदर जिल्ह्यातला मराठी माणूस. आमच्या घरात अजून ‘आपण मराठवाड्यातच जायला पाहिजे होतं’ असं म्हातारी माणसं म्हणतात. तुम्ही ३७१ जे चं नाव काढलंत म्हणून लिहितो.

जे कलमाचा दाखला मिळतो. जन्मानं किंवा रहिवासानं या भागातले आहात असा. तो दाखला म्हणजे आमच्याकडं तिजोरीची किल्ली. भागातल्या मेडिकल-इंजिनिअरिंगच्या ७० टक्के जागा आमच्या पोरांना, बाकी कर्नाटकातल्या ८ टक्के. सरकारी नोकरीत भागातल्या पदांवर राखीव वाटा. माझी भाची त्या दाखल्यावर डॉक्टर झाली. तिच्या आजोबांनी शेतात सालगड्याचं काम केलं होतं. २०१९ ला ‘हैदराबाद कर्नाटक’ हे नाव जाऊन ‘कल्याण कर्नाटक’ झालं, पण मला विचाराल तर दिवस नावानं बदलले नाहीत, दाखल्यानं बदलले.

उणं काय? पदं राखीव आहेत पण भरतीच निघत नाही, वर्षानुवर्षं रिकामी. आणि बंगळूर-हुबळीचे साहेब इकडं बदली आली की वरून चिठ्ठी आणतात. ते तुमच्याकडंही असेलच.

मांजराकाठची_डॉक्टर

असेलच काय, आहेच.

पण भालकीकरदादा, राखीव जागांबद्दल मला सावध करावंसं वाटतं, कारण मी त्यातून गेले आहे. महाराष्ट्रात २०२० पर्यंत ७०-३० होतं. मेडिकलच्या ७० टक्के जागा त्या-त्या भागातल्या मुलांना, ३० टक्के राज्याला. ऐकायला अगदी तुमच्यासारखं. फरक एवढाच की मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि परीक्षेत पुढं येणारी मुलं जास्त. लातूरच्या क्लासमध्ये आम्ही बाकावर चौघी बसायचो. तिघींना मराठवाड्याच्या कोट्यात जागा नाही. आमच्याहून कितीतरी कमी गुणांवर दुसऱ्या भागातल्या मुलांना तिकडच्या ७० टक्क्यांत प्रवेश. जे कुंपण आमच्या रक्षणाला म्हणून घातलं त्यानंच आम्हाला आत कोंडलं. सप्टेंबर २०२० ला ते काढलं तेव्हा आम्ही पेढे वाटले, पण माझं एक वर्ष गेलं ते गेलंच. मैत्रीण तर बीएस्सीला गेली आणि परत फिरलीच नाही.

म्हणून ३७१ जे मागताना नुसतं टक्के मागू नका. आधी जागा मागा, कॉलेज मागा. किती, कुठं आणि कधी.

त्याच लातूरात २०१६ च्या एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही तेव्हा वसतिगृहात दोघींत एक बादली वापरत होतो. रेल्वे आली तेव्हा सगळे स्टेशनकडं धावले, मी गेले नाही. मला लाज वाटली. आपल्या गावाला पाणी रेल्वेनं येतंय याची टीव्हीवर आरती चाललेली मला बघवली नाही. मिरजेच्या लोकांनी मात्र दिलं, ते मी विसरणार नाही. तेरणाकाका महाराष्ट्रात राहा म्हणतात तेव्हा मला आधी मिरज आठवतं.

कयाधू

हिंगोलीतून. मराठवाडा मराठवाडा म्हणताना वाळूज, शेंद्रा, ऑरिक या औद्योगिक वसाहती, खंडपीठ, विद्यापीठ हे सगळं एकाच शहराभोवती. स्वतंत्र राज्य झालं तर राजधानी कुठं? तिथंच. मग आमचा जिल्हा आज मुंबईपासून जितका लांब, तितकाच तिथूनही. केळकर समितीनं तालुका हा घटक धरायला सांगितलं होतं, ते मला सगळ्यात पटलेलं. अनुशेष औंढा, सेनगावचा मोजा. विभागाची सरासरी काढली की आमचं दारिद्र्य संभाजीनगरच्या कारखान्यांत झाकून जातं.

तेरणा

कयाधूशी सहमत. धाराशिवचंही तेच.

एक आठवण करून देतो. १९७४ ला विकास आंदोलन झालं तेव्हा गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं पुढं होती. हैदराबादच्या मुक्तीसाठी लढलेली. मागण्या कसल्या होत्या? नोकऱ्या, सिंचन, रुंद रेल्वेमार्ग. वेगळं राज्य नव्हे. त्यांना एकजूट मोडायची नव्हती, तिचा हिशेब हवा होता. मनमाडहून पुढं ब्रॉडगेज आलं ते त्या चिकाटीनं. आणि आजही नांदेड विभागाची रेल्वे सिकंदराबादहून चालते. १९५६ ला राज्य बदललं, रेल्वेला अजून कळायचंय.

बालाघाट

काका, गोविंदभाईंबद्दल आदर तुमच्याइतकाच. पण त्यांच्या मागण्यांची यादी आज काढली तर किती ओळी खोडता येतील? मी वेगळ्या राज्याची मागणी आज सोडत नाही. एवढं कबूल करतो, की डॉक्टरताई आणि कयाधू यांनी जे लिहिलं त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. राजधानी संभाजीनगरला नको, हे तर लगेच मान्य. आणि पाण्याचं तेरणाकाका म्हणतात तेही मला रात्री झोपू देणार नाही.

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

तीन दिवसांत धागा इथवर आला. मी एक मसुदा करतोय. आमदार-खासदारांना, राज्यपालांना पाठवायचा. इथं जे बोललं गेलं त्यातून मी माझं मूळ मत बदललं आहे. ३७१(२) मधे ‘करू शकतील’ अशी भाषा आहे, त्याच्या जागी ‘करतील’ मागायचं. विकास मंडळाला मुदत नको. कायमचं असावं, म्हणजे ३० एप्रिल २०२० पुन्हा येणार नाही. तालुका घटक. अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सभागृहात आला नाही तर खंडपीठात दाद मागता यावी. वैद्यकीय जागांचा आकडा आणि त्या कोणत्या वर्षी. जायकवाडी : १५ ऑक्टोबरला मोजणी, ३१ ऑक्टोबरच्या आत पाणी. प्रवरातीर, हे तुमच्या सांगण्यावरून घातलं. तुमच्याकडच्या पाणी वापर संस्थांची सहमती मिळवाल का?

बालाघाट, तुम्ही सही करणार का? वेगळ्या राज्याचं मत ठेवूनही करता येईल. तसं वाक्य मी शेवटी घालतो, की हे इतक्या वर्षांत झालं नाही तर सह्या करणारे पुढचा निर्णय घ्यायला मोकळे. किती वर्षं ते तुम्ही सांगा.

बालाघाट

पाच. लिहून तारीख घाला. सही करतो.

तेरणा

मी दहा म्हणत होतो. पाच लिहा. माझं वय बघता मला पाचच परवडतील.

प्रवरातीर

आमच्या संस्थेच्या बैठकीत ठेवतो. शब्द देत नाही, ठेवतो एवढं नक्की. ऑक्टोबरचं लोकांना पटेल असं वाटतं.

सीमेवरचा

सर, माझी बी सही घ्या. बाभळीचं एक घाला जमलं तर. निकाल बदला म्हणत नाही. २९ ऑक्टोबरला दारं टाकल्यावर किती पाणी राहिलं ते दरवर्षी मोजून गावात फळ्यावर लिहा, एवढंच. आम्हाला कुणी सांगतच नाही. यंदा दारं टाकतील तवा मी जाऊन फोटो काढतो आन इथं टाकतो.